बीपीची गोळी: आज घेतली, पण काम उद्याही करते

बाबांनी सकाळी आठला बीपीची गोळी घेतली आणि नऊला मशीन लावून पाहिलं. आकडा कालच्याइतकाच! “ही गोळी लागूच पडत नाही,” असं म्हणत त्यांनी आणखी एक गोळी हातात घेतली. महिन्याभराने आकडा 126/80 आला, तेव्हा तेच म्हणाले, “आता बीपी नॉर्मल आहे. गोळी कशाला?”

तुमच्या घरातही असं घडतं का? मग औषध रक्तात कसं चढतं आणि कसं उतरतं, ते समजून घेऊ या. त्यासाठी अ‍ॅम्लोडिपिन या नेहमीच्या गोळीचं उदाहरण पाहू.

परिणाम दिसायला वेळ का लागतो?

अ‍ॅम्लोडिपिनमुळे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल होतात, वाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो. पण गोळी घेतल्यावर रक्तातलं तिचं प्रमाण सर्वांत जास्त व्हायला 6 ते 12 तास लागतात. मग ते निम्म्यावर यायला आणखी 30 ते 50 तास जातात. म्हणजे उद्याची गोळी घेताना आजच्या गोळीचा बराचसा भाग रक्तात असतोच.

तळाशी बारीक छिद्र असलेला रांजण डोळ्यांसमोर आणा. त्यात रोज एक तांब्या पाणी ओतलं, तर पातळी हळूहळू चढते आणि मग एका जागी स्थिरावते. अ‍ॅम्लोडिपिनची पातळी स्थिरावायला 7 ते 8 दिवस लागतात. म्हणून एका तासात किंवा एका दिवसात गोळीची परीक्षा घेऊ नका.

जास्त घेतली तर?

डोस वाढला की त्रासही वाढू शकतो. चाचण्यांमध्ये रोज 5 मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे 3 टक्के लोकांना सूज आली, तर 10 मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे 11 टक्के लोकांना. ही सूज बहुतेकदा घोट्यांवर दिसते. वय झालेल्यांच्या किंवा यकृताचा आजार असलेल्यांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. म्हणून डॉक्टर त्यांना बऱ्याचदा 2.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात. कालची गोळी चुकली म्हणून आज दोन एकदम घेऊ नका.

शेजाऱ्यांची गोळी वेगळी

प्रत्येक औषधाची चाल वेगळी असते. अ‍ॅटेनोलॉलचं रक्तातलं प्रमाण 6 ते 7 तासांत निम्मं होतं, तरी त्याचा परिणाम 24 तास टिकतो. क्लोनिडिन अचानक बंद केलं, तर दाब एकदम उसळू शकतो. त्यामुळे शेजाऱ्यांचा अनुभव आपल्या गोळीला लावू नये.

बंद केल्यावर होणारी फसगत

अ‍ॅम्लोडिपिन बंद केली तरी रांजण रिकामा व्हायला काही दिवस लागतात. तोवर आकडा चांगलाच दिसतो आणि वाटतं, “बघा, गोळीशिवायही बीपी ठीक आहे!” खरं तर शिल्लक राहिलेलं औषधच तेव्हा काम करत असतं. पुढे दाब पुन्हा चढतो, आणि अनेकांना तो जाणवतही नाही. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरचा ताण मात्र वाढत जातो.

म्हणून गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा, वाढवायचा की गोळी बदलायची, हे त्यांना ठरवू द्या. आकडा नॉर्मल आला, म्हणजे गोळीची गरज संपली असं नाही. बहुतेक वेळा तो गोळीमुळेच नॉर्मल असतो.