रुग्णशय्येजवळचें गाणें

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या शाळेचें गायनमंडळ रुग्णांच्या व वृद्धांच्या भेटीस जातें. हा रिवाज स्तुत्य आहे. तथापि त्यांत एक न्यून राहूं नये, म्हणून विद्यार्थिमित्रांसाठीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

एके वर्षीं आम्ही पंचवीस मुलें घेऊन एका शुश्रूषागृहांत गेलों. गाणीं सुरेल झालीं. परंतु कोपऱ्यांतील खाटेवरचे एक वृद्ध शेतकरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. निघतांना एका विद्यार्थ्यानें त्यांच्याजवळ बसून विचारलें, "आजोबा, तुम्ही कोणतें गाणें म्हणत होतां?" ते नामदेवांच्या नरसीजवळचे; तरुणपणीं भजनांत टाळ धरीत. ज्यांना स्वतःचें नांवहि कधीं कधीं आठवत नसे, त्यांनीं एक अभंग अडखळत आरंभिला. मुलानें खाटेच्या दांडीवर ताल धरिला आणि अभंग शेवटास गेला. आमची चूक आम्हांस तेव्हां उमगली. आम्ही आमचीं गाणीं नेलीं होतीं. त्यांचें गाणें कोणतें, हें विचारलेंच नव्हतें.

असें कां घडतें? मनुष्याच्या साधारण दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत जें संगीत कानीं पडतें, तें स्मृतींत फार खोल रुजतें, असें मानसशास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. शिवाय संगीताचें कार्य मेंदूच्या एकाच भागांत चालत नाहीं. श्रवण, स्मरण, भावना व हालचाल यांचे अनेक भाग त्यांत एकदम गुंततात. म्हणून स्मृतिभ्रंशानें नातलगांचीं नांवें पुसलीं गेलीं, तरी जुनें गाणें पुष्कळदां शिल्लक राहतें. त्यानें रोग बरा होत नाहीं. पण जिवाची घालमेल कांहीं काळ शमूं शकते.

मग ध्वनिमुद्रित गाणें कां लावूं नये? अवश्य लावावें, परंतु यंत्रास श्रोत्याचा चेहरा दिसत नाहीं. समोरचा गायक श्वास पाहून लय संथ करितो, आवडलेला चरण पुन्हां घेतो, आणि डोळे भरून आले तर थांबतो. असें प्रत्यक्ष संगीत रुग्णांपर्यंत नेण्यासाठीं प्रसिद्ध व्हायोलिनवादक यहूदी मेन्युइन यांनीं इयान स्टुट्झकर यांच्यासह १९७७ सालीं इंग्लंडांत 'लाइव्ह म्युझिक नाऊ' ही संस्था स्थापिली. आपल्याकडे वरोऱ्याजवळील आनंदवनांत डॉ. विकास आमटे यांनीं २००२ सालीं 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला, आणि कुष्ठमुक्त, अंध व अपंग जनांनाच गायक-वादक केलें.

कोणी विचारील, ख्रिस्ती शाळेच्या मुलानें अभंगास ताल कां धरावा? रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं आपलीं ख्रिस्ती भजनें अभंगाच्याच वळणावर रचिलीं, हें त्यानें आठवावें. ताल धरिल्यानें विश्वास ढळत नाहीं; दुःखिताची सेवा मात्र घडते.

तेव्हां या वर्षीं आधीं परिचारिकेस व घरच्यांस विचारावें कीं, हे कोठले आणि तरुणपणीं काय गात असत. जात्यावर दळलेल्या आजीबाईंस ओवी आठवेल. कोणास गोंधळ, कोणास कव्वाली, कोणास टिळकांचें भजन. दोघे-तिघे जावे, पट्टी खालची धरावी. जुन्या गाण्यानें जुनें दुःखहि जागें होतें, म्हणून रुग्णानें मान फिरविली तर थांबावें. आणि नाताळ सरल्यावरहि जात राहावें.

आमचा तो विद्यार्थी त्या आजोबांकडे पुढें दोनदां गेला व दोन्ही वेळां अभंग झाला. तिसऱ्या खेपेस खाट रिकामी होती. म्हणून सांगतों, ज्याला त्याचें गाणें विचारावयाचें, त्याला तें विचारण्यास उशीर करूं नये.