फोल्डरच झाला भांडार

डेबियनमध्ये 1999 साली 2.1 आवृत्तीसोबत आलेल्या ‘ॲप्ट’ या पॅकेज व्यवस्थापकाला पॅकेजेस इंटरनेटवरूनच हवीत असे नाही, डिस्कवरचा साधा फोल्डरही पुरतो. त्यात .डेब फाइली, आणि त्या ज्यांवर अवलंबून आहेत ती पॅकेजेसही ठेवायची. ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ ही आज्ञा त्यांची सूची बनवते. मग स्रोतांच्या यादीत ‘फाइल:’ने सुरू होणारा पत्ता लिहून ‘ॲप्ट अपडेट’ चालवायचे. नवी फाइल टाकली की सूची पुन्हा बनवावीच लागते, कारण ॲप्ट वाचते ती सूचीच.

सही नसलेला स्रोत ॲप्ट नाकारते. ‘ट्रस्टेड=येस’ लिहून ही अट टाळता येते, पण ते फक्त स्वतःच्या एकट्या संगणकापुरते. प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांना भांडार खुले करणार असाल, तर जीपीजी किल्लीने सही कराच: पॅकेज रूटच्या अधिकाराने बसते.