आठचा पाइप द्या!

वरसावे सोडून ठाण्याच्या दिशेला लागलं की चेणे येतं, आणि चेण्याच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी गायमुख घाटाची रांग गाठते. पावसाळ्यात अशाच एका रांगेत पाऊण तास रखडल्यावर गाडीत पेट्रोलचा वास आला. पुढच्या टेम्पोचा असेल म्हणून काच वर केली. वास वाढला. मग गाडी कडेला घेऊन बंद केली, बोनेट उघडलं. पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पाइपच्या टोकाला, क्लिपच्या अगदी खाली, ओला डाग होता. एक्झॉस्टची तापलेली नळी तिथून हातभर अंतरावर.

गाडी १९९७ सालची. पाइप कधीचा, देव जाणे. गाडी ओढून नेली त्या गॅरेजात मेकॅनिकने पोराला दुकानात पिटाळलं, "आठचा पाइप आण, हातभर." मीही वर्षानुवर्षं तसाच मागत आलोय. आठ म्हणजे आतला व्यास, ८ मिलिमीटर. पण तो पाइप कशाचा, किती दाब सोसणारा, किती जुना, हे ना आपण विचारतो ना दुकानदार सांगतो.

काढलेला तुकडा ब्लेडने उभा चिरला. बाहेरून तो बरा दिसत होता. बोटांत वाकवल्यावर मात्र केसासारख्या भेगा उघडल्या, आणि आतलं अस्तर नखाने खरवडलं तर काळा भुगा निघाला. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकणारा 'कचरा' बऱ्याचदा हाच असतो. आपण दोष पंपावरच्या पेट्रोलला देतो.

पेट्रोलच्या पाइपला तीन थर असतात: आतलं अस्तर, मधली दोऱ्याची वीण, वरचं आवरण. जुन्या पाइपांचं अस्तर बहुधा नायट्राइल रबराचं. निव्वळ पेट्रोलशी त्याचं बरं जमायचं. पण आपल्याकडे १० टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं ई२० पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत तेच सर्रास झालं. उसाच्या राज्यात राहून इथेनॉलवर रागावण्यात अर्थ नाही, पण १९९७ च्या रबराला हा पाहुणा अपेक्षित नव्हता. इथेनॉलने साधं नायट्राइल फुगतं, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं धुऊन निघतात. गाडी महिनाभर उभी राहिली की तेच रबर आकसून तडकतं.

म्हणून पाइप घेताना आधी त्याच्यावरची छपाई वाचावी. चांगल्या पाइपवर मानक छापलेलं असतं. 'एसएई ३०आर७' म्हणजे कार्ब्युरेटरसारख्या कमी दाबाच्या कामाचा. '३०आर९' म्हणजे इंजेक्शनच्या गाडीला चालणारा, आत फ्लुओरोरबराचं अस्तर असलेला. दुकानात त्याला कोणी व्हायटॉनही म्हणेल. या अस्तराला इथेनॉल सोसतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब जेमतेम ३ ते ५ पीएसआय, त्यामुळे दाबाच्या हिशेबाने आर७ पुरतो. तरी मी आर९ घेतला. महाग पडतो, पण लागतो हातभरच. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत मात्र निवडीला वावच नाही. तिथे दाब ४० पीएसआयच्या वर, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त असतो. टाकीच्या आत बुडून राहणारा पाइप आणखी वेगळा, ३०आर१०. आर९ चं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडायला बनवलेलंच नसतं.

छपाई नसलेला पाइप परत करावा. दुचाकीला लावतात तो स्वस्तातला पारदर्शक पाइप काही महिन्यांत पिवळा, कडक होतो. सिलिकॉनचा पाइप दिसायला देखणा, पण त्यातून पेट्रोल पाझरतं. रेडिएटरचा पाइप पेट्रोलने फुगतो. तांब्याची नळी हा जुन्या मिस्त्रींचा लाडका उपाय. वळते छान, पण इंजिनाच्या थरथरीने कडक होत जाऊन एक दिवस चिरते. गाडीखालची मूळ नळी पोलादी असते. खाडीकाठच्या हवेत ती गंजते ती तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, जिथे ओल आणि चिखल अडकतो. पट्टी सोडल्याशिवाय ते दिसत नाही. गंजली असेल तर त्या जागी पोलादीच घालावी; मधला भाग कापून रबराने सांधू नये.

बसवण्याचं काम थंड इंजिनावर, उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. पेट्रोल तोंडाने ओढायचं नाही. नळीच्या टोकाला बारीक उंचवटा असतो. पाइप त्याच्यापुढे इंचभर सरकवायचा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसवायची. उंचवट्यावर बसली तर ती रबरच कापते. खाचांची साधी क्लिप आवळताना रबर खाचांतून वर येतं. कडा वळवलेली गुळगुळीत क्लिप त्यापेक्षा बरी. जुनी क्लिप परत वापरू नये, ती काही लाख रुपयांची नसते. पाइप एक्झॉस्टपासून लांब, पत्र्याच्या धारेला न घासता न्यायचा. इंजिन हलतं, म्हणून थोडी ढील ठेवायची. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे.

टाकीकडे परतीचा ६ मिलिमीटरचा पाइप आणि टाकीच्या गळ्याजवळचा जाड पाइप विसरू नका. तेही त्याच वयाचे.

सीएनजी बसवून घेतलेल्या जुन्या गाडीवाल्यांनी जास्त सावध असावं. पेट्रोलचा पाइप महिनोन्‌महिने कोरडा राहतो, तडकतो, आणि एके दिवशी गॅस संपल्यावर बटण फिरवताच त्यात पेट्रोल धावतं. गॅसच्या नळीला मात्र घरी हात लावू नये. तिथे दाब २०० बारपर्यंत असतो.

सगळं बसल्यावर प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर धरला. इंजिन सुरू केलं, दहा मिनिटं चालू ठेवलं. एका क्लिपखाली कागदाला नखाएवढा ओला ठिपका आला. क्लिप काढली, उंचवट्यावरच बसली होती. सरकवून पुन्हा आवळली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पसरलेला कागद कोरडा निघाला, तेव्हाच चेण्याचा रस्ता धरला.