गोष्टीची रूपं (भाग ४) : म्हातारीनं कोयता लपवला

गेल्या आठवड्यात आपण गोष्ट सुरू कुठून करावी ते पाहिलं. आज त्याहून अवघड प्रश्न. प्रसंग हाताशी आहे. त्याची कथा लिहावी, नाटक करावं की प्रहसन बसवावं?

प्रसंग असा धरू. तो कल्पित आहे, पण बीड जिल्ह्यात कुणाला खोटा वाटणार नाही. गेवराई तालुक्यातलं चकलांबा. दिवाळी उरकली आहे. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याच्या दारात रात्री ट्रक उभा आहे. ज्वारीचं पोतं चढलं, भांडी चढली, कोंबड्यासुद्धा चढल्या. कोयता मात्र सापडत नाही. म्हातारीनं तो कणगीमागे लपवलाय.

कथा लिहायची तर ट्रक दारातच उभा राहू द्या आणि म्हातारीच्या मनात शिरा. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मग म्हातारीनं लपवला तो कोयता कोणता, लोखंडी की घरातला? कथाकारानं हा प्रश्न नुसता ठेवायचा, उत्तर देत बसायचं नाही. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत बाजारभावाचं व्याख्यान नाही. टोमॅटो आहेत आणि ते तुडवणारा बाप आहे. कथेला एवढं पुरतं, कारण उरलेलं काम वाचणारा एकटा, आपल्या मनात करत असतो.

नाटकात हे चालत नाही. प्रेक्षकाला म्हातारीचं मन दिसत नाही, त्याला म्हातारी दिसते. म्हणून तिच्यासमोर कुणीतरी उभं करावं लागतं. मुकादम म्हणतो, आगाऊ उचल घेतलीय, निघा. पोरगा म्हणतो, घेतलीय खरी. सून गप्प आहे, आणि माझ्या मते खरं नाटक त्या गप्प सुनेत आहे. तिलाही जायचं नसेल तर? तिनं म्हातारीला कोयता लपवताना पाहिलं असेल तर? प्रत्येकाला काहीतरी हवंय, दुसरा ते देत नाही, बाहेर ट्रकचा हॉर्न वाजतोय. नाटकाला वेळेची अशी टोचणी लागते.

आता प्रहसन. अनेकांना ते सोपं वाटतं. तिन्हींत तेच अवघड. कोयता कुठे आहे हे प्रेक्षकांना आधीच दाखवून टाकायचं, मग शोधायला लावायचं. शोधण्यात म्हातारीच सगळ्यांत पुढे! पहिल्यांदा पोरगा कणगीजवळ जातो, ती त्याला हाक मारून वळवते. दुसऱ्यांदा सून जाते, तिलाही वळवते. आता प्रेक्षकाला सवय लागली. तिसऱ्यांदा मुकादम थकून नेमका कणगीलाच टेकून बसतो आणि म्हातारी त्याला प्रेमानं चहा विचारते. दोनदा घडी बसवायची, तिसऱ्यांदा मोडायची. तमाशातली बतावणी याच हिशेबानं रंगते, आणि टीव्हीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ पाहताना मोजून बघा, घडी सापडेल.

हे तंत्र टीव्हीनं आणलेलं नाही. गेवराईच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि तिच्याच काठी वरच्या अंगाला पैठण. तिथं सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली. विंचू चावलेला माणूस, कुडमुडा जोशी, संसाराला कावलेली बाई अशी सोंगं आणायची, लोकांना हसवायचं आणि हसताना तोंड उघडलं की औषध आत सोडायचं. लांबी, विषय, नकला बघितल्या तर विंचवाचं भारूड म्हणजे नेटकं प्रहसन.

अर्थात हद्दी इतक्या पक्क्या नसतात. औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच ५२ पात्रं उभी करत. त्याला नाटक म्हणावं की गोष्ट सांगणं? पुढे तोच प्रयोग हाती घेणारे संदीप पाठक आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावचे. कथेचंही तसंच. १९९८ मध्ये परळी वैजनाथला साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते द. मा. मिरासदार. त्यांच्या विनोदी कथा छापील वाचताना हसू येतंच. पण शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासोबत ते कथाकथनाला उभे राहिले, की कागदावरचा स्वल्पविराम सभागृहातला हशा होई. कथा तीच, पण एकट्यानं वाचणं आणि शेकडोंत बसून ऐकणं यांत फरक पडतो.

म्हणून रूप निवडताना, समोर कोण बसणार आहे, हे आधी विचारावं. आपल्याकडच्या शाळांचं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत होतं. तेव्हा कितीतरी पोरांचे आईबाप उसाच्या फडावर असतात. टाळ्या वाजवायला येतात आज्या आणि आजोबा. म्हातारीनं कोयता लपवल्याचं प्रहसन त्यांच्यासमोर बसवलं, तर हशा येईल, आणि काही जणी हसणार नाहीत. दिग्दर्शकानं दोन्हींची तयारी ठेवावी.

गुरुजी आणि बाईंना एकच विनंती. गॅदरिंगचे कपडे, मिशा, पुठ्ठ्याचा कोयता लगेच मोडीत काढू नका. फडावरची माणसं मार्च-एप्रिलमध्ये परततात. ती परतली की त्याच आठवड्यात, संध्याकाळी, शाळेच्या पटांगणात तोच प्रयोग पुन्हा एकदा लावा.