फाशी दिली, पण जात कुठे गेली?

ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात दुरुस्ती केली. फाशीची शिक्षा हा मानवी प्रतिष्ठेवरचा घाला आहे, ती कधीही मान्य होणार नाही, असे चर्चने जाहीर केले. याच चर्चच्या इन्क्विझिशनने एकेकाळी गोव्यात माणसे जाळली. त्यांनी आपला ग्रंथ सुधारला, याची नोंद आम्ही बौद्धांनी घेतली पाहिजे.

खरे तर बाबासाहेबांनी त्याआधी ६९ वर्षे, ३ जून १९४९ रोजी घटना समितीत, फाशी रद्द करणेच या देशासाठी योग्य असे सांगितले होते. तथागतांच्या करुणेचा वारसा सांगणारे आम्ही मात्र ते विसरलो. खैरलांजीनंतर इस्लामपुरात आम्हीही ‘नराधमांना फाशी द्या’ अशा घोषणा दिल्या. तो संताप खराच होता, त्याची आम्हाला लाज नाही.

पण हाती काय आले? २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी ठोठावली. आम्ही पेढे वाटले. त्याच निकालात अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही, हे मात्र अनेकांच्या ध्यानातच आले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीही रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. जातीय अत्याचार म्हणून शिक्षा तेव्हाही झाली नाही.

आणि हा दोर कोणाच्या गळ्याला आधी बसतो? मनुस्मृतीने ब्राह्मणाला देहदंडाऐवजी मुंडन सांगितले. आज तो कायदा नाही, पण नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा गरिबांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तोवर तुरुंगात सोळा वर्षे गेली होती. दरम्यान दोर ओढला गेला असता तर निर्दोष कोणाला ठरवले असते?

म्हणून बांधवांनो, मोर्चातली मागणी बदलूया. गुन्हा अॅट्रॉसिटीखाली त्याच दिवशी नोंदवा. तपास उपअधीक्षकाच्याच हाती द्या. कलम १५-अ प्रमाणे साक्षीदारांना संरक्षण द्या. पीडितांच्या विश्वासातला सरकारी वकील नेमा. आम्हाला सूड नको, जातीचा गुन्हा जातीचाच म्हणून सिद्ध झालेला हवा. जयभीम!