देखाव्याचें छायाचित्र आणि पाहणाऱ्याचा अभिप्राय

कोणी आपलें छायाचित्र दाखविलें कीं आपण त्याची बोळवण बहुधा दोन शब्दांत करतों. एक, ‘छान आहे’. दुसरें, ‘यांत विशेष काय?’ पहिल्यानें त्याला सुख होतें, दुसऱ्यानें दुःख; पुढचें चित्र कसें घ्यावें हें मात्र कशानेंही कळत नाहीं.

आमच्या अहमदपुराकडे दुसरा प्रकार अधिक. बालाघाटाच्या या पठारावर उत्तुंग शिखर नाहीं कीं नामांकित धबधबा नाहीं. सपाट माथ्याच्या टेकड्या, काळी जमीन, ज्वारीचीं रानें, एखादी बाभळ, आणि वर विस्तीर्ण आकाश. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीं १८९२ च्या सुमारास संस्थानांतील जीं चित्रें घेतलीं, त्यांत वेरूळ आहे, दौलताबाद आहे. प्रख्यात स्थळाला प्रेक्षक शोधावा लागत नाहीं. पण एखाद्या होतकरू मुलानें गांवाबाहेरचें रान टिपलें तर घरचेच म्हणतात, ‘अरे, महाबळेश्वरास जा, येथें काय आहे?’ मुलगा तिकडे जातो आणि हजारों लोकांनीं घेतलेलेंच चित्र घेऊन परततो. पठार न पाहिलेलेंच राहतें.

चित्रें चारचौघांत मांडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या भारतीय सभासदांपैकीं. त्या काळच्या कोलोडियनच्या काचेवर निळा प्रकाश फार लवकर उमटे; जमीन नीट उठेपर्यंत आकाश पांढरें फटफटीत होई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें समुद्र एका काचेवर व आकाश दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापलीं, तीं यामुळेंच. तेव्हांच्या छायाचित्रकारास ‘आकाश कोरें कां?’ म्हणून दोष देण्यांत अर्थ नव्हता. दोष रसायनाचा होता. चित्रकाराच्या हातीं काय होतें व काय नव्हतें, हें टीकाकारानें आधीं निवडावें.

वेळ निवडणें मात्र त्याच्या हातीं असतें. आमच्या अक्षांशावर मेच्या मध्यास सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखालीं जाते, आणि टेकडीचा उंचसखलपणा नाहींसा होतो. तेंच रान सकाळीं सातला पाहावें. नांगराच्या प्रत्येक तासाला सावलीची किनार असते! तेव्हां ‘येथें काय आहे?’ असें म्हणण्याऐवजीं ‘दुपारच्या उन्हांत टेकडी चपटी झाली आहे, सकाळीं जाऊन पाहा’ असें म्हटलें, तर मुलगा दुसरे दिवशीं पहाटे उठेल.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे आपली नजर कोठें गेली तें सांगणें. ‘प्रथम बाभळ दिसली, तेथून पाऊलवाटेनें उजव्या कडेला आलों आणि चित्राबाहेर पडलों.’ यांत निंदा नाहीं, स्तुति नाहीं. एका माणसाच्या डोळ्यांनीं केलेल्या प्रवासाची ही हकीकत आहे. तुला काय दाखवायचें होतें, हें यानंतर विचारावें. आधीं विचारल्यास आपण सांगितलेलेंच पाहूं लागतों. दोष एक वा दोनच सांगावे. लाल शाईचा मोह आम्हां मास्तरमंडळींना ठाऊक आहे. सगळी वही रंगली कीं मुलगा ती मिटूनच ठेवतो.

ऐकणाऱ्याचें काम अधिक कठीण. तो त्या जागीं उभा होता. अंगावर वारा होता, पहिल्या पावसाचा वास होता. पाहणाऱ्याच्या हातीं कागद तेवढा आहे. म्हणून ‘प्रत्यक्षांत फार सुंदर होतें हो!’ हें उत्तर तोंडावर आलें तरी गिळावें, व ऐकलेलें टिपून ठेवावें. सगळेंच मानावें असें नाहीं. तिघांची नजर एकाच ठिकाणीं अडखळली तर तेथें खरोखर कांहीं अडचण आहे. एकानें ‘येथें बैलगाडी हवी होती’ म्हटलें, तर तें त्याच्या मनांतलें चित्र आहे; तें त्यानें काढावें.

हल्लीं चित्रें मोबाईलच्या तळहाताएवढ्या काचेवर दाखवितात. त्यांत क्षितिजावरचीं झाडें मोहरीएवढीं होतात, आणि पठाराचें चित्र तर क्षितिजावरच उभें असतें. ज्याला खरा अभिप्राय हवा त्यानें चित्र वहीच्या पानाएवढें तरी छापून न्यावें. पाहणाऱ्यानेंही तें खिडकीच्या उजेडांत धरून मिनिटभर गप्प बसावें.