धंदा कोणासाठी?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, तेलगिरणीच्या माडीवर, वाटणीची बैठक चालली होती. साल १९९६. मी हिशेबतपासनीस म्हणून हजर होतो. दोघे भाऊ, त्यांचे मुलगे आणि गावातले दोन जाणते. गिरणी कोणाकडे, गोदाम कोणाकडे, पेठेतलं दुकान कोणाकडे यात तीन तास गेले. थोरल्या भावाची मुलगी चहा घेऊन वर आली. धाकट्या काकांनी सहज विचारलं, "बेबी, लातूरच्या पार्टीकडे आपलं येणं किती गं?" तिने ट्रे खाली ठेवता ठेवता आकडा सांगितला, वर त्यातली कुठली रक्कम बुडीत धरायची तेही सांगितलं. नऊ वर्षं वह्या तीच लिहीत होती. कप भरून झाले आणि ती खाली गेली. गिरणी तिच्या भावाच्या वाट्याला आली. त्याला कोणाकडे किती अडकलंय हे ठाऊक नव्हतं. चौथ्या वर्षी कुलूप लागलं. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, त्याची बोच अजून जात नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हिस्सा देणारा कायदा देशभर लागू झाला २००५ मध्ये. महाराष्ट्राने अविवाहित मुलींपुरता तो १९९४ मध्येच केला होता. म्हणजे ती बैठक झाली तेव्हा कायद्याला दोन वर्षं उलटली होती. हिस्सा कायद्याने मिळतो, पण गल्ल्यावर कोण बसणार हे घरातच ठरतं. घराण्याच्या धंद्यातला सर्वांत अवघड निर्णय हाच, आणि तो बहुतेक घरांत घेतलाच जात नाही. वडील जातात आणि मग तो आपोआप होतो.

आमच्या क्षेत्रातली काही नामवंत मंडळी वीस-पंचवीस वर्षं एकच औषध लिहून देत आली आहेत: घराण्याने बाजूला व्हावं, पगारी व्यवस्थापक आणावा, बाहेरचं भांडवल घ्यावं. सामाजिक संस्थांनाही तीच पुडी. मला हे कधीच पटलं नाही. व्यवस्थापक कोण हा नंतरचा प्रश्न. धंदा कोणासाठी चालवायचा, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं की यंत्र घ्यायचं की नाही, शाखा काढायच्या की नाही, विकायचं की नाही, या सगळ्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

सहकारी साखर कारखान्यांवर इथे फार लिहीत नाही. दर दिवाळीला कोणी ना कोणी लिहितंच. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले, धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०च्या हंगामाच्या सुमारास चिमणी पेटली. पुढे अनेक कारखाने कर्जात बुडाले आणि खासगी हातांत गेले. ऊसवाला सभासद कागदावर मालक राहिला, निर्णयातून मात्र कधीच बाहेर पडला होता. एवढं पुरे.

माझा जीव अडकला आहे तो गिरगावातल्या एका गच्चीत. १५ मार्च १९५९. जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी, मिळून सात गुजराती बायका, ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पावसाळा आला आणि पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. ही युक्ती मी कितीतरी सभांतून सांगितली आहे, कारण अडचणीच्या वेळी त्या देणगी मागायला गेल्या नाहीत. देणगी घ्यायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सांगितलं की हलका माल बंद करा, आणि हिशेब चोख ठेवा. आज हे सोपं वाटतं. पण दिवसाला चार पैसे मिळवणाऱ्या बाईला खपणारा माल बंद करायला सांगणं काय असतं, हे दुकानात उभं राहिलेल्यालाच कळेल. त्यांनी तो बंद केला. १९६२ मध्ये 'लिज्जत' नाव पडलं, १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली.

रचना बघा. पीठ केंद्रावर मळलं जातं. सभासद बहीण सकाळी येते, आदल्या दिवशीचे पापड देते, लाटणावळ रोख घेते, नवं पीठ घेऊन घरी जाते. लाटते ती मालकीण. पुरुष पगारी नोकर होऊ शकतो, सभासद होऊ शकत नाही. कारभार एकवीस जणींच्या समितीकडे. नफा वाटून घेतात आणि तोटा आला तर तोही. काड्यापेटी, उदबत्ती, चामड्याच्या वस्तू असे जोडधंदे त्यांनी करून पाहिले, ते जमले नाहीत, तेव्हा सोडून दिले. आज ४५ हजारांच्या आसपास बायका तिथे लाटतात. पापड लाटायची यंत्रं बाजारात कधीचीच आली आहेत. "यंत्राने खर्च निम्मा होईल" असं सांगणारे मला परिसंवादांतून भेटले आहेत. खर्च होईल कमी. पण तो खर्च म्हणजेच त्या बायकांची मिळकत आहे. ती वाचवायची कोणासाठी?

आता याच्या अगदी उलट उदाहरण घेतो आणि तेही मला तितकंच योग्य वाटतं. भिलवडीला १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला. पुढे भावांनी कामं वाटून घेतली, १९५० मध्ये पुण्यात दुकान झालं. बाकरवडी आधी हातानेच वळली जायची. मागणी वाढली तसं त्यांनी यंत्र आणलं. तिथे प्रश्न गिऱ्हाइकाचा होता, रोज तीच चव आणि तोच कुरकुरीतपणा हवा. लिज्जतने यंत्र नाकारलं आणि चितळ्यांनी घेतलं. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस माझ्या मते सल्लागार नव्हे.

विकण्याबद्दल बोलायला घराणी घाबरतात, म्हणून कॅम्लिनचं नाव मुद्दाम घेतो. १९३१ मध्ये दांडेकरांनी 'हॉर्स ब्रँड' शाईपासून सुरुवात केली. उंटाची शाई आणि रंग तर आपल्या सगळ्यांच्या दप्तरात होते. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीला त्यांनी बहुसंख्य हिस्सा दिला. तेव्हा मराठी माणसाने धंदा विकला म्हणून हळहळणारे लेख आले. मी त्या सुरात सूर मिसळला नाही. उंट शाळेच्या दप्तरात राहिला, कारखाने चालू राहिले. वेळेवर विकणं हेही धंदा सांभाळणंच असतं.

गिरणगावच्या खानावळवाल्या बायकांशिवाय हा आढावा मी पुरा करू शकत नाही. गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायका स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या देण्यात असत. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये त्यांतल्या चौदाजणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. १९८२च्या संपानंतर गिऱ्हाईकच गावी परतलं. तेव्हा प्रश्न होता, खानावळी वाचवायच्या की खानावळवाल्या? मंडळाने बायकांकडे पाहिलं. बाहेरची जेवणाची कामं घेतली, वाशीला केंद्र उभारलं. पुढे प्रेमाताईंच्या कन्या मेधाताई सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून पुण्यात अन्नपूर्णा परिवार उभा केला. आईची खुर्ची त्यांनी घेतली नाही. आईचं काम वेगळ्या गावात, वेगळ्या हिशेबाने नव्याने सुरू केलं. सामाजिक संस्थांत वारसा कसा चालावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हल्ली तरुण मुलं नवी सामाजिक उद्योगसंस्था घेऊन माझ्याकडे येतात. हुशार असतात, मनापासून काम करतात. पण पहिल्याच पानावर 'गुंतवणूकदार पाचव्या वर्षी बाहेर कसा पडेल' याचा तक्ता असतो. मागच्या वर्षी एका संस्थेने गोधडी शिवणाऱ्या बायकांचं काम दाखवलं. चाळीस पानांच्या आराखड्यात फोटो भरपूर होते, आणि बाईला एका गोधडीमागे किती मिळतात ते कुठेच नव्हतं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी ऑफिसला फोन लावला. १९५९च्या गच्चीवर तो आकडा सातही जणींना तोंडपाठ असणार. ही घसरण मला खरोखर दुःख देते.

या लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा कराल तेव्हा घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा. मुलीला, सुनेला, आणि जो कामगार वीस वर्षं तुमच्याकडे आहे त्यालाही बोलवा. माझ्यानंतर सही कोणाची, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सगळ्यांना वाचून दाखवा.